बाहेरून लावलेली कडी

९ जानेवारी

बारक्या,

दोन वर्षांत तू मला एक ओळ लिहिली नाहीस. आईला दर रविवारी फोन करतोस, आणि मी शेजारी बसलोय असं कळलं की आवाज खाली आणतोस. त्यामुळे या पत्राला उत्तर येईल अशी माझी काही अपेक्षा नाही. नव्या डॉक्टरीणबाईंनी एक वही करायला सांगितलीय. डोकं कधी उठलं, किती वेळ ठणकलं, आधी काय खाल्लं, किती गोळ्या गिळल्या. वहीत मी चार शब्द लिहितो, पण पेन थांबत नाही, म्हणून उरलेलं तुझ्या माथी मारतोय.

कालचं ऐक. सकाळी दहाच्या सुमाराला एका गाडीचं दार ठोकून सरळ करत होतो. बघता बघता दाराचा डावा अर्धा दिसेनासा झाला आणि त्या जागी करवतीच्या दात्यांसारखी एक चमचमती रेघ हलायला लागली. मला कळलं, आता वीस मिनिटं. तेवढ्यात शेजारच्या गाळ्यातल्या वेल्डरनं रेडिओ लावला. मी गेलो, रेडिओ उचलला, भिंतीवर आपटून त्याचे तुकडे केले आणि वेल्डरची गचांडी धरली. त्याचं डोकं शटरवर एकदा आपटलंसुद्धा. मग डोळ्यामागे पहिला घाव बसला आणि मी त्याच्याच पायाशी ओकलो. त्या भल्या माणसानं मला उचलून आत नेऊन निजवलं आणि दारावर पोतं टांगलं. रेडिओचं त्यानं अजून काही काढलेलं नाही.

तू गेल्यावर मी काय काय करून बसलोय ते आईनं सांगितलं असेलच. चष्मा तीनदा बदलला. नाकाचं हाड वाकडं आहे म्हणाले, तेही कापून झालं. मग मला वाटलं, सगळं दाढेतून येतंय. दातांचा डॉक्टर म्हणाला, दाढा ठणठणीत आहेत, मी हात लावणार नाही. मी त्याच्या टेबलावरची काच फोडली आणि दोन चांगल्या दाढा उपटून घेतल्या. आठवडाभर तोंडातून रक्त येत होतं आणि डोकं आपलं जिथल्या तिथे.

तुझ्या हाताबद्दल काय लिहू? मला त्यातलं काही आठवत नाही, हे तुला ठाऊक आहे. तूच तर हॉस्पिटलात घरच्या सगळ्यांना सांगितलंस की दादाला तेव्हा समोरचं दिसत नव्हतं, डोकं उठलं होतं, त्याला बोल लावू नका. तेवढे तुझे उपकार मी विसरलेलो नाही. आई सांगते, तू आता रंगाच्या दुकानात डाव्या हातानं डबे ढवळून देतोस. स्प्रे गन धरणारा तुझ्यासारखा हात या रस्त्यावर पुन्हा दिसला नाही, हे मी कुणालाही सांगतो.

दादा


१७ जानेवारी

बारक्या,

आज वही घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो. आई बरोबर होती, कारण माझ्यावर तिचा भरवसा नाही. बाई वयानं तुझ्याएवढ्या असतील. वही उघडली, बोट फिरवत गोळ्या मोजल्या आणि विचारलं, हे किती वर्षं चाललंय. म्हटलं, सहा. रोज तीन, वाईट दिवशी सहा. तुला आठवत असेल, गाळ्यात खिळ्यांच्या डब्याशेजारी माझा गोळ्यांचा डबा असायचा, आणि तू म्हणायचास, दादा, एक दिवस तू खिळे गिळशील.

बाईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, "तुमचं दुखणं आता या गोळ्याच पोसतायत."

माझं डोकंच फिरलं. ज्या गोळ्यांवर मी सहा वर्षं जगलो, त्याच माझ्या वैरी? मी खुर्चीला लाथ घातली. खुर्ची कपाटावर आदळली, कपाटाचं दार निखळलं, बाहेर बसलेल्या बाया उठून उभ्या राहिल्या. बाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी मला खुर्ची उचलून नीट ठेवायला आणि बसायला सांगितलं. आणि मी बसलो रे. कपाटाचं दारही बसवून दिलं, बिजागरीला दोन ठोके घालून.

मग त्यांनी समजावलं. हा आजार डोळ्यांचा नाही, नाकाचा नाही, दातांचा नाही. काही माणसांचा मेंदूच हळवा असतो. उजेड, आवाज, वास, उपास, कमी-जास्त झोप, कशानंही तो भडकतो. कधीमधी गोळी घेतली तर हरकत नाही. पण महिन्यातले दहा-पंधरा दिवस घेत गेलं की मेंदूला तिची सवय लागते आणि तिचा असर उतरला की तो पुन्हा दुखायला लागतो. म्हणून मग कुठलंच औषध लागू पडत नाही आणि लोक दाढा उपटत बसतात. हे शेवटचं त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या.

घरात आणखी कुणाला, असंही विचारलं. आई म्हणाली, याच्या वडिलांना. मी चमकलो. आप्पा सुट्टीच्या दिवशी सामानाच्या खोलीत ओला टॉवेल डोक्याला बांधून बसायचे, आणि आपण दोघं दाराच्या फटीतून बघून म्हणायचो, आज म्हातारा ढोसून बसलाय. आपण त्यांची नक्कल पण करायचो. तू जास्त चांगली करायचास.

आता सगळ्या गोळ्या एकदम बंद. रोज एक वेगळी गोळी, दुखणं येऊच नये म्हणून. तिचा गुण यायला महिना-दोन महिने लागतात. पहिले दहा दिवस मात्र बाईंनी आधीच सांगून ठेवलंय, हाल होतील. आईनं घरी येऊन माझा डबा संडासात उपडा केला.

दादा


१ फेब्रुवारी

बारक्या,

मेलो नाही. तिसऱ्या दिवशी मेलो असतो तर बरं, असं मात्र पुष्कळदा वाटलं.

पहिल्या दिवशी नुसता घाम. दुसऱ्या दिवशी डाव्या डोळ्यामागे घण बसायला लागले ते थांबेनात. आपण पत्रा ठोकतो तेव्हा दोन घावांच्या मधे निदान श्वास तरी घेतो. इथे तेवढीही उसंत नव्हती. पाणी प्यायलो की ओकत होतो, ओकायला काही उरलं नाही तेव्हा हिरवं कडू पडायला लागलं. उशी डोक्याला लागली तरी कातडी सोलल्यासारखं व्हायचं. आई स्वयंपाकघरात चमचासुद्धा फडक्यात गुंडाळून ठेवत होती.

चौथ्या दिवशी दुपारी मला वाटलं, तो डोळाच काढून टाकावा. हे बोलायचं म्हणून बोलत नाही. मी पलंगावरून खाली पडलो आणि सरपटत कपाटापर्यंत गेलो. हत्यारांच्या पेटीत लांब पात्याचा पेचकस आहे, तो मला हवा होता. पेटीची खिट्टी बोटांनी उघडेना. बारक्या, ज्या बोटांनी मी वाकलेली चौकट सरळ करतो, त्यांना खिट्टी उघडेना. तिथेच लादीवर गाल टेकून पडलो. आईनं पेटी उचलून बाहेर नेली आणि माझ्या डोक्याशी बादली ठेवून भिंतीला टेकून बसली.

सहाव्या दिवशी वरच्या मजल्यावर कुणी भिंतीत ड्रिल मारत होतं. त्या माणसाला कसं मारायचं हे मी मनात तीन-चार तऱ्हांनी ठरवलं. त्याचंच ड्रिल घेऊन त्याच्याच कानात. पण ठरवण्यापलीकडे काही जमलं नाही. पाय पलंगावरून खाली घ्यायचा म्हटलं तरी घेरी यायची.

नवव्या दिवशी सकाळी जाग आली आणि काही दुखत नव्हतं. मी घाबरून हललोच नाही. आईनं चहा आणला तेव्हा रडलो. लाज वाटत नाही सांगायला.

काल बाईंकडे गेलो. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, दर तीन महिन्यांनी कपाळावर, कानशिलांवर आणि मानेत मिळून औषधाच्या एकतीस बारीक सुया टोचायच्या, त्यानं बऱ्याच जणांना आराम पडतो, बघू या. मग सहज विचारावं तसं विचारलं, या नऊ दिवसांत आईंच्या अंगावर हात टाकलात का? म्हटलं, नाही. उठता येत होतं का? म्हटलं, नाही.

आईनं त्यांना तुझ्या हाताचं कधी सांगितलं कोण जाणे. बाई म्हणाल्या, "मग भावाला मारलंत तेव्हा कसे उठलात?"

मी म्हटलं, दुखणं सुरू व्हायच्या आधी संताप येतो, तेव्हा असेल. त्या म्हणाल्या, चिडचिड होते हे खरं, आदल्या दिवसापासून होते. कुणाकुणाचा थोडा वेळ गोंधळही उडतो. पण भावाचा हात मोडला हे माणूस साफ विसरतो, असं त्यांनी अजून पाहिलेलं नाही. मी सुयांची तारीख न घेताच निघून आलो. पुस्तकं वाचून आलेल्या बाईला काय कळतंय माझ्या डोक्यातलं?

दादा


९ फेब्रुवारी

बारक्या,

मुंगीचं मला कुणी सांगितलं नाही. तुझी एकुलती एक पोर, माझ्या खांद्यावर बसून मोठी झाली, आणि तिचं डोकं सहा महिने दुखतंय हे मला आज कळतंय, तेही आईच्या तोंडून चुकून निसटलं म्हणून. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा आईनं सगळं ओकलं.

तू तिला कोंडतोस? तेरा वर्षांच्या पोरीला डोकं उठलं की खोलीत घालून बाहेरून कडी लावतोस, आणि तू व तुझी बायको बाहेर कान लावून बसता? घरातल्या सुऱ्या-कात्र्या कुलपात ठेवल्यात म्हणे. शाळेत कळवून तिचं प्रयोगशाळेत जाणं बंद केलंस. मैत्रिणींकडे जायचं नाही, शेजारच्यांच्या बाळाला उचलायचं नाही.

आणि परवा ती आतून दार बडवायला लागली तर तू दाराला पाठ लावून उभा राहिलास. आईला म्हणालास, तिच्या अंगात दादा आला होता. अरे गाढवा, ती ओकारी आली म्हणून दार बडवत होती. संडास बाहेर आहे आणि तू कडी लावलीस. पोर तिथेच ओकली, त्यातच पडली, आणि तू दीड तास दार उघडलं नाहीस. हे आईनं सांगितलं तेव्हा मी भिंतीवर अशी मूठ मारली की दोन बोटांची सालटी निघाली. मी काही तुझ्यावर हात उगारण्याच्या जागी नाही. पण त्या क्षणी तू समोर नव्हतास ते बरं झालं.

आता नीट ऐक. हा आप्पांचा आजार आहे. आप्पांकडून माझ्याकडे आला, आणि तुझ्या रक्तातून तिच्याकडे. डोकं उठलं की तिला अंधार दे, गारवा दे, बादली दे, आणि आवाज बंद कर. एवढंच. ती कुणाच्या अंगावर जाणार नाही. तिला डोक्याच्या डॉक्टरांकडे ने. आणि माझ्याकडे बघून तू तिला एकदम दोन-दोन गोळ्या द्यायला शिकला असशील, तर आजपासून थांब, आणि किती दिल्यास ते डॉक्टरांना खरं सांग. तिचं सगळं आयुष्य पडलंय.

कडी काढ. लगेच.

दादा


१३ फेब्रुवारी

बारक्या,

काल रविवार. तुझा फोन आला तेव्हा आईनं मुद्दाम आवाज मोठा ठेवला आणि मी शेजारी आहे हे तुला सांगितलं नाही. तू म्हणालास, दादाचं पत्र मिळालं, वाचलं, पण कडी राहणार. मग जे बोललास ते मी जसंच्या तसं लिहितो.

"दादाचा दोष नाही, असं मीच सगळ्यांना सांगतो, आई. तो चांगलाच आहे. पण ते डोकं उठलं की समोर सख्खा भाऊ आहे हे पण कळत नाही, हे माझ्या हाताला माहितीय. मुंगीत तेच आलंय. उद्या तिनं कुणाचा जीव घेतला, मग?"

आई म्हणाली, असं नसतं रे. तू म्हणालास, तू तिथे नव्हतीस. तेवढ्यात मागून काही झटापट ऐकू आली, आणि फोन मुंगीनं घेतला. तिला कसं कळलं कोण जाणे. ती आजीशी बोललीच नाही. म्हणाली,

"काका, तुम्ही आहात ना तिथे? खरं सांगा. मीपण कुणाला तरी मारणार का?"

मी फोन हातात घेतला, तसाच परत आईच्या हातात कोंबला आणि बाहेर गेलो. दोन वर्षांनी तिचा आवाज ऐकला. आज सकाळपासून चार कागद फाडले. आता हा फाडणार नाही.

त्या दिवशी माझं डोकं दुखत नव्हतं.

एकोणीस दिवसांनी पहिल्यांदा मोकळं झालं होतं. मी सकाळी पोटभर खाल्लं, दाढी केली, दुपारी शीळ घालत गाळ्यावर आलो. तुला हे सांगायचं म्हणून मागच्या दारानं शिरलो, की बघ, आज मी माणसात आलोय. आत तू त्या पांढऱ्या गाडीच्या मालकाला माझी नक्कल करून दाखवत होतास. एक डोळा मिटलेला, हात कानशिलावर, वाकडं तोंड, आणि माझ्या आवाजात, अरे तो आवाज बंद करा रे. मालक पोट धरून हसत होता. तू म्हणालास, दादाच्या डोक्याचा काही भरवसा नाही, काम थेट माझ्याकडेच देत जा. मुंगी शाळेतून येऊन टायरवर बसली होती. तिचं हसणं सगळ्यात मोठं होतं.

मी पत्र्याच्या आडोशाला उभा राहिलो. गाडीचा मालक जाईपर्यंत थांबलो. मग जणू आत्ताच आलोय असा बाहेर आलो आणि मुंगीला कोपऱ्यावरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणायला पाठवलं. पेपर शिल्लक होता. ती तिथे नको होती, म्हणून पाठवलं.

मोठा घण उचलला आणि परत ठेवला, कारण त्यानं तू मेला असतास. बॉनेटच्या कडा बसवायचा मधला हातोडा घेतला. तू वाकून पुट्टी घासत होतास, उजवा हात बॉनेटवर. डावाही होता, जवळ होता. मी उजवा निवडला, कारण स्प्रे गन त्यात असते. पहिला घाव मनगटावर. तू वळून दादा म्हणालास. दुसरा बोटांवर, पत्र्यावर दाबून. तुझं अंगठ्याजवळचं हाड बाहेर आलं ते मी पाहिलं, आणि तरी तिसरा कोपरावर घातला. तू पोलिसांना हातावर गाडीचं दार पडलं म्हणालास आणि आईला एकच घाव सांगितलास, मला वाचवायला. तीन होते. चौथा तोंडावर घालायला हात वर गेला होता, इतक्यात बाहेर मुंगीच्या चपलांचा आवाज आला.

तेव्हा मी हातोडा टाकला, खाली बसलो, एक डोळा मिटला आणि हात कानशिलावर नेला. आणि जो आवाज काढला तो माझा नव्हता. पंधरा मिनिटांपूर्वी तू काढला होतास तसा काढला. तू रक्तात बसून मला धरलंस आणि मुंगीला म्हणालास, काकांना पाणी आण, त्यांचं डोकं उठलंय.

मला सगळं आठवतं. दोन वर्षं मी तुझ्या त्या वाक्याच्या आड बसलोय. खापर फोडायला आजार आयता मिळाला होता. आता तो काय असतो ते मला कळलंय, आणि आड बसायला काही उरलं नाही. खरं दुखत होतं तेव्हा मला पेटीची खिट्टी उघडली नाही. तुला मारलं तेव्हा हात थरथरलासुद्धा नाही.

तू मला माफ केलं होतंस, ते या खोट्यावर. ते परत घे. हे पत्र पोलिसांना दे, वकिलाला दे, हवं तर तुझ्या बायकोला मोठ्यानं वाचून दाखव, मी कुठेही नाही म्हणणार नाही. आईला आज जेवताना सांगितलं. तिनं माझं ताट उचललं आणि ती आत गेली. तिची बॅग भरून झालीय. गुरुवारी ती तुझ्याकडे येतेय, मुंगीजवळ राहायला.

मुंगीनं विचारलं त्याचं उत्तर तू तिला दे, माझ्या नावानं दे. नाही, बाळा. तू कुणाला मारणार नाहीस. तुला आजोबांचा आजार आहे. काकांनी मारलं ते राग आला म्हणून मारलं, आणि दुखण्याचं नाव सांगितलं.

ती जर आत्ता त्या खोलीत असेल, तर पत्र इथेच ठेव आणि आधी दार उघड.

दादा